अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया आणि स्तनाचा कर्करोग : रोगाचे प्रमाण कमी, तरी मृत्यू जास्त का?

वैशाली (शिकागो) यांचा प्रश्न :

नमस्कार. आमच्या महाराष्ट्र मंडळाने ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगावर माहितीसत्र ठेवले आहे आणि त्याची टिपणे काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, विमा कंपनीत आकडेमोडीचे काम करते. त्यामुळे आकडे वाचण्याची सवय आहे, पण अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२४ च्या अहवालातला एक आकडा काही केल्या उलगडत नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग होण्याचे प्रमाण गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी आहे, आणि तरीही त्याने मृत्यू येण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी जास्त आहे.

याची दोन स्पष्टीकरणे मी नेहमी ऐकते. पहिले असे, की या स्त्रिया तपासणीला उशिरा येतात. पण मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) वेळेवर करून घेतल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पाहिले, तर कृष्णवर्णीय स्त्रिया त्यात मागे नाहीत. दुसरे असे, की त्यांच्यातला कर्करोगच मुळात जास्त घातक असतो. हे काही अंशी खरे असावे, पण एवढे म्हटले की पुढे कोणालाच काही करायचे उरत नाही, असे मला वाटते. या दरीतला किती भाग रोगाचा आहे आणि किती व्यवस्थेचा, हे कोणी नीट समजावून सांगेल का? सत्राला येणाऱ्या बायकांना अर्धवट माहिती देण्याची माझी इच्छा नाही.

सुहास वि. :

वैशालीताई, मी नॉर्थ कॅरोलिनात पॅथॉलॉजी विभागात काम करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर जनुकांपासून सुरू करण्याआधी कालक्रम पाहावा, असे मी सुचवेन. १९८० च्या सुमारापर्यंत अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय स्त्रियांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्युदर जवळजवळ सारखे होते. त्यानंतरच्या दशकात मॅमोग्राफी सर्वत्र पोहोचू लागली, शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) देण्याची पद्धत रूढ झाली, केमोथेरपी सुधारली, आणि १९८९ पासून एकंदर मृत्युदर उतरू लागला. तो २०२२ पर्यंत सुमारे ४४ टक्क्यांनी खाली आला. मात्र ही उतरण दोन्ही गटांच्या वाट्याला सारखी आली नाही आणि दरी पडली ती तिथेच. दहा-पंधरा वर्षांत कोणत्याही समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते उपचार, आणि ते कोणापर्यंत पोहोचतात ते.

आता गाठीच्या प्रकाराविषयी. बायोप्सीचा तुकडा आमच्याकडे येतो, तेव्हा त्याच्या पातळ छेदांवर तीन तपासण्या होतात : इस्ट्रोजेनचा रिसेप्टर (हे संप्रेरक पेशीत ज्याला चिकटते तो रेणू), प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर आणि हर-टू हे प्रथिन. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके तपकिरी रंगलेली दिसतात. तो रंग दिसला, की रुग्णाला पाच ते दहा वर्षे घेण्याच्या गोळ्यांचा भक्कम आधार आहे, हे आम्हाला तिथेच कळते. तिन्ही तपासण्यांत छेद कोरा राहिला, तर त्या गाठीला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. ती वेगाने वाढते, तरुण वयात जास्त आढळते आणि तिच्यावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांमधल्या कर्करोगांपैकी साधारण पाचवा हिस्सा या प्रकारचा असतो, गौरवर्णीय स्त्रियांत साधारण दहावा. आमच्याच राज्यातल्या कॅरोलिना ब्रेस्ट कॅन्सर स्टडीने २००६ मध्ये दाखवून दिले, की पाळी जाण्यापूर्वीच्या वयातील कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये बेसल-लाइक या प्रकाराच्या गाठी ३९ टक्के होत्या. या गाठी बहुतेक वेळा ट्रिपल निगेटिव्हच असतात. कृष्णवर्णीय नसलेल्या रुग्णांमध्ये, वय कोणतेही असो, हे प्रमाण १६ टक्के होते. म्हणजे रोगाचे स्वरूप वेगळे असते हे खरेच आहे, आणि ते नाकारण्यात कोणाचेही भले नाही.

परंतु सगळी दरी ट्रिपल निगेटिव्हमुळे असती, तर इतर प्रकारांत ती दिसायला नको होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १८ अभ्यासांतील सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून नेमके हेच तपासले गेले. ट्रिपल निगेटिव्हमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त निघाला. हार्मोन रिसेप्टर असलेल्या आणि हर-टू नसलेल्या गाठींत, म्हणजे ज्यांच्यावर गुणकारी गोळ्या चार दशकांपासून उपलब्ध आहेत अशा गाठींत, तो ५० टक्क्यांनी जास्त निघाला. ज्या प्रकारावर वैद्यकाच्या हाती सर्वांत चांगली साधने आहेत, तिथेच तफावत सर्वांत मोठी असावी, ही गोष्ट पॅथॉलॉजिस्ट म्हणून मला अतिशय अस्वस्थ करते. आपल्या टिपणांत एकच आकडा घ्यायचा असेल, तर हा घ्यावा.

माधुरी (नर्स, शिकागो) :

सुहास यांनी प्रयोगशाळेतून दिसणारे चित्र मांडले आहे. मी त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सांगते, कारण मी शहराच्या दक्षिण भागातल्या, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीतल्या, रुग्णांबरोबर काम करते आणि मॅमोग्राम झाल्यावर पुढे काय होते ते रोज पाहते.

समजा, एक बाई मोठ्या दुकानात तासावर पगार घेऊन काम करते. वार्षिक मॅमोग्राम तिने करून घेतला. विम्यामुळे त्याचे पैसे पडले नाहीत, आणि सर्वेक्षणात तिची नोंद "तपासणी वेळेवर झाली" अशीच होणार. आठवड्याभराने पत्र येते, की एका भागाचे आणखी फोटो घ्यावे लागतील. ही दुसरी तपासणी निदानात्मक म्हणून धरली जाते, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने पहिली तपासणी मोफत केली तरी दुसरीचा खर्च अनेक वर्षे रुग्णाच्या डिडक्टिबलमधूनच, म्हणजे विम्याआधी स्वतः भरायच्या रकमेतूनच, जात राहिला. शेकडो डॉलरचे बिल येईल म्हणून ती महिनाभर थांबते. मग अपॉइंटमेंटसाठी फोन करते, तर तो रेकॉर्डिंगवर जातो. दवाखान्यातून उलटा फोन येतो तेव्हा ती काउंटरवर उभी असते आणि तिला फोन उचलण्याची मुभा नसते. अखेर तारीख मिळते ती कामाच्या दिवशी सकाळी दहाची, दोन बस बदलून जायचे, आणि त्या दिवसाचा पगार बुडतो. त्यानंतर बायोप्सी, त्यानंतर सर्जन, त्यानंतर ऑन्कोलॉजिस्ट, आणि प्रत्येक पायरीवर हेच पुन्हा. यात कोठेही कोणी तिला दारातून हाकलून दिलेले नाही. तरीही पत्र येण्यापासून उपचार सुरू होण्यापर्यंत जो काळ गेला, तो गाठीने वाया घालवलेला नाही.

गोळ्यांचेही तसेच. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्यावर अनेकींचे सांधे इतके दुखतात, की सकाळी मूठ वळत नाही. दिवसभर उभे राहून काम करणारी बाई तीन-चार महिन्यांत गोळी सोडून देते. गोळी बदलून पाहता येते, दुखण्यावर उपाय करता येतात, पण त्यासाठी कोणीतरी तिला विचारायला हवे आणि तिचे दुखणे खरे मानायला हवे. कृष्णवर्णीय रुग्णांच्या वेदनेकडे या देशातील दवाखान्यांत कमी लक्ष दिले जाते, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे आणि मीही ते पाहिले आहे.

वैशाली, आपण शिकागोत आहात म्हणून मुद्दाम सांगते. १९८० मध्ये या शहरात दोन्ही गटांचे मृत्युदर सारखे होते. २००३ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर ६८ टक्क्यांनी जास्त झाला होता. मधल्या काळात त्यांचा रोग वाढला असे झाले नाही. गौरवर्णीय स्त्रियांचे मृत्यू कमी होत गेले आणि यांचे होते तिथेच राहिले. सायनाय अर्बन हेल्थ इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ही आकडेवारी मांडल्यावर शहरातील डॉक्टर, रुग्ण आणि संस्थांनी एकत्र येऊन मेट्रोपॉलिटन शिकागो ब्रेस्ट कॅन्सर टास्क फोर्स स्थापन केले. त्यांच्या पाहणीत एक गोष्ट पुढे आली, जी बाहेरून कधीच दिसत नाही : मॅमोग्राम झाला, एवढ्याने तो नीट वाचला गेला असे होत नाही. कृष्णवर्णीय स्त्रिया ज्या केंद्रांत जात, तिथे फक्त स्तनांच्या प्रतिमा वाचण्यात तरबेज असलेले रेडिओलॉजिस्ट कमी होते आणि यंत्रेही जुनी होती. म्हणून तपासणीचे प्रमाण सारखे दिसत असले, तरी त्यातून मिळणारा लाभ सारखा नव्हता. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मला वाटते इथे आहे. पुढे गुणवत्तेवर काम झाले आणि पुढच्या दशकात शिकागोतली दरी कमी झाली. देशातील इतर काही मोठ्या शहरांत ती तेवढी कमी झाली नाही.

निखिल कु. :

माधुरीताईंच्या अनुभवाविषयी आदर राखून एक वेगळा मुद्दा मांडतो, कारण चर्चेचा तोल व्यवस्थेच्या बाजूला फार झुकतो आहे असे वाटते. केवळ उपचार मिळण्यातला फरक हेच कारण असेल, तर क्लिनिकल ट्रायलमध्ये दरी नाहीशी व्हायला हवी, कारण तिथे सर्वांना ठरलेले औषध ठरलेल्या मात्रेत मिळते. स्वॉग या संशोधन-समूहाने १९७४ ते २००१ या काळातील ३५ चाचण्यांमधील जवळजवळ २० हजार रुग्णांची माहिती तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसाचा कर्करोग, आतड्याचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग यांत वंशानुसार फरक उरला नाही. स्तन, अंडाशय आणि प्रोस्टेट या तिघांत मात्र तो उरला. हे तिन्ही संप्रेरकांशी संबंधित अवयव आहेत. पुढे टेलरएक्स या स्तनाच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीतही सारख्या रिकरन्स स्कोअरच्या (रोग परत येण्याचा धोका सांगणाऱ्या गुणांच्या) कृष्णवर्णीय स्त्रियांचे परिणाम तुलनेने वाईट होते. याला केवळ बस आणि बिले कारणीभूत आहेत असे म्हणता येईल का?

सुहास वि. :

निखिल, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. स्वॉगच्या अभ्यासानंतर जैविक कारणांचा शोध जास्त गांभीर्याने सुरू झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र त्यातून काय निघते ते सावकाश पाहू.

पहिली गोष्ट, चाचणीत औषध सारखे असते, पण रुग्ण चाचणीत राहत नाही, घरी राहतो. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांची जोड, गोळी पाच वर्षे नियमित घेणे आणि चाचणी संपल्यावर मिळणारी देखभाल या गोष्टी सारख्या होत नाहीत. संप्रेरकांच्या गोळ्यांचा उपचार कित्येक वर्षे चालतो, त्यामुळे स्तनाच्या कर्करोगात या फरकाला वाव जास्त मिळतो. दुसरी गोष्ट, ज्या २१ जनुकांच्या चाचणीवरून रिकरन्स स्कोअर काढतात, तिचे अनुमान कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत कमी अचूक ठरते, असे २०२१ मध्ये दिसून आले. ही चाचणी ज्या रुग्णांच्या माहितीवर घडवली गेली, त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया फार थोड्या होत्या. म्हणजे "सारखा स्कोअर" हा दोघींच्या बाबतीत तितकाच धोका सांगतो, असे गृहीत धरता येत नाही. इथे जीवशास्त्र आणि व्यवस्था एकमेकांत अशी गुंतली आहेत, की ती सोडवून दोन टोपल्यांत ठेवणे मला तरी जमत नाही.

तिसरी गोष्ट सर्जन डॉ. लिसा न्यूमन यांच्या कामाची. त्यांनी घानातील कुमासीच्या कोम्फो अनोक्ये रुग्णालयाबरोबर आणि इथिओपियातील डॉक्टरांबरोबर अनेक वर्षे अभ्यास केला. घानातील रुग्णांत ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आढळले. इथिओपियातील रुग्णांत ते गौरवर्णीय अमेरिकन स्त्रियांइतकेच कमी होते. कृष्णवर्णीय अमेरिकनांचे बहुसंख्य पूर्वज गुलामांच्या व्यापारात पश्चिम आफ्रिकेतून आणले गेले, त्यामुळे घानाशी त्यांचे आनुवंशिक नाते जवळचे आहे. मलेरियापासून संरक्षण देणारा डफी-नल हा जनुकीय प्रकार पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सर्वांत असतो, आणि त्याचा या गाठींशी संबंध असावा असे त्यांचे संशोधन सुचवते. यातून एवढे स्पष्ट होते, की वंशपरंपरेचा भाग आहे, पण तो विशिष्ट प्रदेशाच्या वारशाचा आहे. त्वचेचा रंग काळा म्हणजे कर्करोग घातक, असे समीकरण इथिओपियाच्या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय हा वारसा ट्रिपल निगेटिव्हचे जास्त प्रमाण समजावतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या गाठीने होणारे ५० टक्के जास्त मृत्यू तो समजावत नाही.

प्र. ना. देशमुख :

माझी सारी नोकरी सार्वजनिक आरोग्य शिकवण्यात झाली, म्हणून दोन उदाहरणे नोंदवावीशी वाटतात. दरी का पडते यावर बरेच लिहिले जाते. ती कशी बुजवली गेली, हे कमी सांगितले जाते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये डॉ. हॅरोल्ड फ्रीमन सर्जन होते. तिथे १९६४ ते १९८६ या काळात आलेल्या ६०६ स्तनकर्करोग रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. रुग्ण प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि गरीब होते, आणि निम्म्यांकडे विमा नव्हता. पहिल्या टप्प्यात आलेल्या रुग्ण फक्त ६ टक्के होत्या, तर जवळजवळ निम्म्या तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आलेल्या. पाच वर्षे जगलेल्या ३९ टक्के. फ्रीमन यांनी आधी मोफत आणि अल्पखर्चाची तपासणी केंद्रे सुरू केली, आणि १९९० मध्ये रुग्णाचा हात धरून तिला शेवटच्या टप्प्यापर्यंत नेणारा माणूस नेमण्याची पद्धत आणली. तिलाच आज पेशंट नेव्हिगेशन म्हणतात. हा माणूस डॉक्टर नसे, बहुधा त्याच वस्तीतला असे. संशयास्पद तपासणी झालेल्या प्रत्येक बाईची तारीख ठरवणे, कागद भरणे, विम्याची सोय लावणे, मुलांना सांभाळायला कोणी आहे का ते पाहणे, ही त्याची कामे. १९९५ ते २००० या काळात त्याच रुग्णालयात ४१ टक्के रुग्ण अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आल्या आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. त्या काळात उपचारही सुधारले होते, त्यामुळे सगळे श्रेय एका योजनेला देता येणार नाही. तरीही वस्ती तीच होती, लोक तेच होते आणि त्यांची जनुकेही तीच होती.

दुसरे उदाहरण सुहास यांच्या राज्यातले. ग्रीन्सबरो येथील नागरिक आणि संशोधकांच्या गटाने, तिथले आणि पिट्सबर्गमधले कर्करोग केंद्र यांना बरोबर घेऊन, अ‍ॅक्युअर नावाचा प्रयोग केला. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद संगणकावर अशी ठेवली, की कोणाची अपॉइंटमेंट चुकली किंवा ठरलेला उपचार वेळेत झाला नाही, तर लगेच इशारा यावा. इशारा आला, की खास प्रशिक्षण घेतलेली नर्स त्या रुग्णाला फोन करी. शिवाय कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय रुग्णांपैकी किती जणांचे उपचार पूर्ण झाले, याचे वेगवेगळे आकडे डॉक्टरांपुढे नियमित ठेवले जात. आधी उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत सुमारे ८० टक्के आणि गौरवर्णीयांत ८७ टक्के होते. प्रयोगात ते अनुक्रमे ८८ आणि ८९ टक्के झाले. दरी जवळपास मिटली आणि गौरवर्णीय रुग्णांचाही फायदाच झाला. यात नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती दुसरी. आपल्या हातून कोणत्या रुग्णांचे उपचार अर्धवट राहतात, हे डॉक्टरांना एरवी कोणी दाखवतच नाही, त्यामुळे आपण सर्वांशी सारखे वागतो असे प्रत्येकजण मनापासून मानत राहतो.

वैशाली (शिकागो) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुहास यांनी सांगितलेला १७ आणि ५० टक्क्यांचा फरक मी आजवर कोठेही वाचला नव्हता, आणि देशमुख सरांनी दिलेली हार्लेमची माहिती सत्रात सविस्तर सांगणार आहे. दोन गोष्टी अजून विचारते. आपल्या, म्हणजे भारतीय वंशाच्या स्त्रियांविषयी या आकड्यांतून काही कळते का? आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी तपासणी कोणत्या वयात सुरू करावी, याविषयी वेगळा सल्ला आहे का?

सुहास वि. :

पहिल्याचे उत्तर थोडक्यात : फारसे नाही. अमेरिकेच्या अहवालांत भारतीय, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी या सर्वांना एका आशियाई गटात घालतात, आणि त्या सरासरीतून मराठी बाईला स्वतःविषयी काही ठरवता येत नाही. या गटाचा मृत्युदर कमी आहे, पण नव्या रुग्णांचे प्रमाण इतर गटांपेक्षा वेगाने वाढते आहे, एवढे निश्चित. मूळ अमेरिकन आदिवासी स्त्रियांकडेही आपण टिपणांत लक्ष वेधावे. त्यांच्यात रोग गौरवर्णीयांपेक्षा १० टक्क्यांनी कमी आणि मृत्यू ६ टक्क्यांनी जास्त आहेत, आणि गेल्या तीन दशकांत त्यांचा मृत्युदर उतरलेलाच नाही. त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

वयाविषयी : अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २००९ पासून पन्नाशीपासूनची तपासणी सुचवली होती. २०२४ मध्ये ती सर्वांसाठी ४० व्या वर्षापासून, दर दोन वर्षांनी अशी केली. आधीच्या पन्नाशीच्या नियमाने कृष्णवर्णीय स्त्रियांचे विशेष नुकसान झाले असे माझे मत आहे, कारण त्यांच्यातले मृत्यू तरुण वयात जास्त आहेत. २०२३ च्या एका अभ्यासाने दाखवले होते, की इतरांसाठी पन्नाशी धरली, तर तितकाच धोका कृष्णवर्णीय स्त्रियांना ४२ व्या वर्षीच असतो. रेडिओलॉजिस्टांची संघटना तर म्हणते, की प्रत्येक स्त्रीच्या, आणि त्यातही कृष्णवर्णीय स्त्रीच्या, धोक्याचे मूल्यमापन पंचविशीपर्यंत एकदा व्हावे.

माधुरी (नर्स, शिकागो) :

वैशाली, सत्रात एक व्यावहारिक गोष्ट अवश्य सांगा. विमा नसलेल्या स्त्रियांसाठी इलिनॉय ब्रेस्ट अँड सर्व्हायकल कॅन्सर प्रोग्राम आहे. त्यात मॅमोग्राम मोफत होतो आणि निदान झाल्यास उपचाराच्या खर्चाची वाट काढून देतात. मंडळातल्या बायकांपैकी अनेकींकडे विमा असेल, पण त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या, मुलांच्या शाळेत किंवा वृद्धाश्रमात काम करणाऱ्या ओळखीच्या बायकांकडे तो असेलच असे नाही. आणि पुन्हा फोटो काढायला बोलावल्याचे पत्र ज्या कोणा मैत्रिणीला आले असेल, तिला ते पत्र घेऊन त्याच आठवड्यात फोन करायला सांगा. अडले तर दवाखान्यात "पेशंट नेव्हिगेटर आहे का" एवढे विचारावे. बहुतेक मोठ्या केंद्रांत तो असतो, पण विचारल्याशिवाय कोणी त्याचे नाव सांगत नाही. सत्राची तारीख ठरली की कळवा. मला सुट्टी मिळाली तर मी येऊन गोळ्यांच्या दुष्परिणामांवर बोलेन, त्यावर बोलायला कोणालाच वेळ नसतो.